फोर्थमधील ‘वर्डलिस्ट’ : शब्दसूची की शब्दयादी?

प्रश्न : फोर्थ या संगणकभाषेविषयी मराठीत लिहिताना ‘डिक्शनरी’, ‘व्होकॅब्युलरी’ आणि ‘वर्डलिस्ट’ या तिन्ही संज्ञांसाठी मी ‘शब्दसूची’ हा एकच शब्द वापरत आलो आहे. लेखन वाढल्यावर कोठे काय अभिप्रेत आहे, हे मलाच कळेनासे झाले. कृपया वेगळे प्रतिशब्द सुचवावेत.

उत्तर : फोर्थमध्ये प्रत्येक आज्ञेलाच ‘वर्ड’ म्हणतात आणि अशा सर्व शब्दांचा साठा म्हणजे डिक्शनरी, तिला ‘शब्दकोश’ म्हणण्यास हरकत नसावी. खरी अडचण उरलेल्या दोघींची आहे. फोर्थच्या 1979 आणि 1983 च्या मानकांतील (भाषेचे नियम ठरवणाऱ्या दस्तऐवजांतील) व्होकॅब्युलरी नाव घेऊनच जन्मते आणि ते नाव उच्चारताच तिच्यातील शब्द शोधक्रमात (शब्द कोणकोणत्या याद्यांत कोणत्या क्रमाने शोधायचा, त्या क्रमात) पहिल्या जागी येतात. 1994 च्या मानकातील ‘वर्डलिस्ट’ ही आज्ञा मात्र एक रिकामी, निनावी यादी निर्माण करून तिचा ओळखक्रमांक तेवढा स्टॅकवर (मूल्ये एकावर एक ठेवण्याच्या तात्पुरत्या जागेवर) ठेवते. ‘वर्डलिस्ट कॉन्स्टंट मापे’ असे लिहिले (‘कॉन्स्टंट’ ही आज्ञा मूल्याला नाव देते), तरी ‘मापे’ हे त्या क्रमांकाचे नाव ठरते. ते उच्चारल्यावर क्रमांक मिळतो, शोधक्रम जागचा हलत नाही. म्हणून वर्डलिस्टला ‘शब्दयादी’ आणि व्होकॅब्युलरीला ‘सनाम शब्दयादी’ म्हणावे. ‘नामांकित’ हा शब्द टाळावा, कारण मराठीत त्याचा अर्थ प्रसिद्ध असा होतो.

प्रतिप्रश्न : ‘सूची’ का नको?

उत्तर : सूची म्हटले की पुस्तकाच्या शेवटची अकारविल्हे रचना डोळ्यांपुढे येते. येथे मात्र ‘वर्ड्स’ ही शब्द दाखवणारी आज्ञा दिल्यावर, प्रत्येक नोंद आपल्या आधीच्या नोंदीकडे बोट दाखवत असल्यामुळे, सहसा सर्वांत नवा शब्द आधी दिसतो. मांडणी कशी असावी हे तर मानकाने प्रत्येक प्रणालीवरच सोपवले आहे. वाण्याच्या यादीला जसा क्रमाचा आग्रह नसतो, तसेच हे आहे.

भर : दाखवण्याच्या क्रियेसाठी ‘यादी काढणे’ असे लिहू नये, कारण त्यातून यादी तयार करणे असाही अर्थ निघतो, ‘यादी दाखवणे’ पुरेसे आहे. ‘वर्ड्स’ केवळ शोधक्रमातील पहिली शब्दयादी दाखवते, त्यामुळे आपले शब्द पुसले गेले असे नवशिक्यास वाटते. अशा वेळी ‘ऑर्डर’ ही आज्ञा द्यावी. शोधक्रमातील याद्या आणि नवीन व्याख्या ज्या यादीत जाणार ती यादी, दोन्ही त्यात दिसतात, मात्र निनावी यादीच्या जागी पुष्कळदा नुसता आकडा येतो. फिग-फोर्थ या फोर्थच्या जुन्या आवृत्तीत ‘वर्ड्स’चे काम ‘व्हीलिस्ट’ करत असे. काही जुन्या प्रणाली तर नावाची लांबी आणि पहिली तीन अक्षरे एवढेच साठवत, म्हणजे पूर्ण नाव दाखवणे मुळातच शक्य नव्हते.

आणखी एक : 2012 च्या मानकातील ‘ट्रॅव्हर्स-वर्डलिस्ट’साठी ‘यादी चाळणे’ योग्य वाटते. ही आज्ञा यादीतील एकेक नोंद आपण दिलेल्या कृतीच्या हाती सोपवते आणि त्या कृतीने नकार कळवताच थांबते. पाने चाळणे आणि धान्य चाळणे, असे ‘चाळणे’चे दोन्ही अर्थ येथे लागू पडतात.