बर्लिनच्या तलावात लेकीला सोडावं का?

केतकी_पुणेकर
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये पुण्याहून बर्लिनला आलो. लेक सात वर्षांची, नुकताच तिला झेपफेर्डशेन, म्हणजे पोहण्याचा पहिला बिल्ला मिळालाय. वर्गातल्या मैत्रिणी शनिवारी श्लाख्टेनझे तलावावर चालल्यात, हिलाही बोलावलंय. मी परवा जाऊन बघून आले. पाणी हिरवट, कडेला बदकं, क्लोरीनचा पत्ता नाही. मुळा-मुठा बघत वाढलेय, त्यामुळे मनात नाही नाही ते येतं. इथे पाणी तपासतं कोण? पोटात गेलं तर? नवरा म्हणतो, सगळी जर्मन पोरं डुंबतायत, तुझंच काय!

विहिरीतला_बेडूक
केतकीताई, पाण्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे. पोहण्यासाठी नेमून दिलेल्या जागांचं पाणी मोसमात, म्हणजे साधारण 15 मे ते 15 सप्टेंबर, सरकारी आरोग्य खातं तपासतं आणि निकाल नकाशावर टाकतं. 'लागेझो बाडेश्टेलन' असं शोधा, लागेझो म्हणजे ते खातं आणि बाडेश्टेलन म्हणजे पोहायच्या जागा. विष्ठेतून येणारे दोन जंतू मोजतात, ई. कोलाय आणि एन्टेरोकोकाय. युरोपच्या नियमात तलावाला 'उत्कृष्ट' शेरा हवा तर 100 मिलिलिटरमागे पहिला 500 च्या आत, दुसरा 200 च्या आत लागतो, आणि तेही एका नमुन्यावर नाही, सहसा चार मोसमांचे आकडे धरून. आपल्याकडे नदीत आंघोळीला मलजन्य कोलिफॉर्म 2500 पर्यंत चालतात. मोजायची पद्धत वेगळी आहे, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. बाकी तुमचा श्लाख्टेनझे म्हणायला नैसर्गिक. व्हानझे तलावाचं पाणी फॉस्फेट काढून त्यात सोडतात, तेही 1980 च्या दशकापासून. म्हणून तर तो एवढा स्वच्छ.

दोन गोष्टी मात्र नकाशावर लगेच दिसत नाहीत. धो धो पाऊस पडून गेला की दोन-तीन दिवस हाफेल नदीच्या काठी जाऊ नका. शहराच्या मधल्या भागात सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच गटारातून वाहतं. ते भरून वाहिलं की सगळं श्प्रे नदीत, तिथून पुढे हाफेलमध्ये. दुसरं शेवाळं, निळं-हिरवं म्हणतात ते. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. स्वतःची पावलं दिसली नाहीत तर गुपचूप माघारी फिरायचं. वारा ते एकाच काठाला ढकलतो, म्हणून समोरचा काठ स्वच्छ आणि आपल्याकडे हिरवी साय, असंही होतं. पण नितळ पाण्यावरही भाळू नका. 2017 च्या मे महिन्यात टेगेलर झे तलावावर कुत्री मेली, तेव्हा विष पाणवनस्पतींच्या गुंत्यात वाढलेल्या शेवाळात होतं. काठाला लागलेल्या त्या गुंत्यात पोरांना खेळू द्यायचं नाही, बस.

आता खरं सांगू? मला त्या जंतूंपेक्षा तुमच्या बिल्ल्याची काळजी वाटते. झेपफेर्डशेन म्हणजे 25 मीटर, तेही हौदात. डीएलआरजी या जीवरक्षक संघटनेचे लोक स्पष्ट सांगतात की ब्राँझचा बिल्ला मिळेपर्यंत पोर सुरक्षित पोहणारं धरायचं नाही. ब्राँझला 15 मिनिटं पोहावं लागतं, किमान 200 मीटर. तलावात कडा नाही, तळ दिसत नाही, चार पावलं कंबरभर आणि पाचव्याला पाय टेकत नाही. 2024 मध्ये जर्मनीत किमान 411 माणसं बुडून गेली, बहुतेक नद्या-तलावांतच. आणि पोर बुडताना हाका मारत नाही हो, तोंड पाण्याखाली असतं. आम्ही पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत शिकलो, पण काठावर दोन चुलते डोळे वटारून उभे असायचे. इथे काठावरचा माणूस मोबाइलमध्ये. उघड्या जागांवर बऱ्याचदा जीवरक्षकही नसतो.

सई_श्टेग्लिट्झ
बेडूकदादा, खाजेचं राहिलं! गेल्या जुलैत आमच्या चिरंजीवांच्या पिंढऱ्यांवर लाल टिपके उठले, रात्रभर खाजवत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बदकं आणि गोगलगायींतला परजीवी आहे, चुकून माणसाच्या कातडीत शिरतो आणि तिथेच मरतो. धोका नाही, पण ताप आहे डोक्याला. उथळ कोमट पाण्यात जास्त. बाहेर आल्या आल्या खसाखसा पुसायचं आणि ओला पोशाख बदलायचा. बदकांना पाव टाकणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

केतकी_पुणेकर
बाप रे, बिल्ल्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आता विचारलं तर कळलं, सहा मुली आणि सोबत एकच आई!

विहिरीतला_बेडूक
सहांमागे एक? मग तुम्हीही जा की. आगाऊपणा वाटणार नाही, उलट त्या बाईला हायसं वाटेल. तुम्हाला पोहता येतं ना?

केतकी_पुणेकर
येतं, टिळक टँकवर शिकलेय. नवऱ्याला नाही येत.

विहिरीतला_बेडूक
मग तुम्ही पाण्यात, खोल बाजूला तोंड करून नाही, खोल बाजूला पाठ करून, म्हणजे मुली समोर दिसतील. मुलींच्या कंबरेच्या वर पाणी गेलं की त्यांना मागे घ्यायचं. नवरोबांनी बाहेर टॉवेल सांभाळावेत आणि डोकी मोजत राहावं.