गर्भपाताची गोळी मेडिकलमधून गायब करून कुणाचा जीव वाचला?

ऐरोलीची वैशाली: आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची सून दिघ्यात राहते. दोन पोरं पदरात, तिसऱ्यांदा दिवस गेले. खासगी दवाखान्यात नवऱ्याची सही मागितली, नवरा गावाला. चार मेडिकलवाल्यांनी ‘ती गोळी ठेवतच नाही’ म्हणून हात वर केले. शेवटी चाळीतल्या एकीने कागदाच्या पुडीत गोळ्या आणून दिल्या. पाच दिवस अंगावरून जात होतं. फडकी धुऊन टॉवेलखाली वाळत घालायची, शेजारणीला दिसू नयेत म्हणून. सहाव्या दिवशी हुडहुडी भरून ताप. गर्भ अर्धवट पडलेला, आत पू. पिशवी साफ केली, दोन बाटल्या रक्त चढवलं, तेव्हा वाचली.

1971 पासून कायदा आहे. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागतच नाही. मग ही वेळ का यावी?

कळव्याचा केमिस्ट: वाईट वाटलं ताई. पण खापर आमच्यावर नको. चिठ्ठीशिवाय दिली तर लायसन्स जातं. 2012 नंतर एफडीएच्या, म्हणजे अन्न-औषध प्रशासनाच्या, धाडी सुरू झाल्या, तेव्हापासून बऱ्याच जणांनी माल ठेवणंच सोडलं. आणि गर्भ नळीत असेल तर ही गोळी लागू पडत नाही, नळी फुटून बाई दगावू शकते. काउंटरवर उभं राहून मला ते कसं कळणार?

घोडबंदरचे काका: सैल सोडलं तर लोक मुली मारतील. आपल्या राज्याने ते पाहिलंय.

ऐरोलीची वैशाली: काका, मुलींची काळजी मलाही आहे. पण कायद्याने गोळी नऊ आठवड्यांपर्यंतच. सोनोग्राफीत लिंग कळायला साधारण बारा-तेरा आठवडे लागतात. गोळी अडवून सोनोग्राफीवाला सापडत नाही. त्याच्यासाठी 1994 चा वेगळा कायदा आहे, तो कडक राबवा ना!

घणसोलीची आशाताई: वस्तीत फिरते म्हणून सांगते. निम्म्या बायकांना वाटतं, गर्भपात म्हणजे पोलीस केस. कुठे कुठे ‘आधी मूल बंद करायच्या ऑपरेशनला हो म्हण, मग करतो’ अशी अट घालतात, म्हणून सरकारीत जायला बिचकतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, जगातले 45 टक्के गर्भपात असुरक्षित, त्यातले जवळपास सगळे आपल्यासारख्या देशांत. मला तो आकडा रोज दारोदार दिसतो. रक्त थांबत नाही, ताप आला, पोटात कळ आली, तर लपवू नका गं, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कळव्याचा केमिस्ट: आशाताई, पटलं. चिठ्ठी आणा, मी गोळी मागवून देतो, कुणाची कोण ते विचारणार नाही. पण बिनचिठ्ठीची देणार नाही, यावर मी ठाम आहे.

ऐरोलीची वैशाली: ठाम राहा, दादा. पण चिठ्ठी लिहिणाराच नवऱ्याची सही मागतो, तिथे त्या पोरीने काय करायचं होतं?