१९६१ नंतरही गोव्याची हद्द तशीच राहिली असती तर? : खानापूर तालुक्यात घडणाऱ्या कादंबरीसाठी सल्ला हवा आहे

खानापूरकर

सर्वांना सप्रेम नमस्कार. गेले वर्षभर मी एका कादंबरीची जुळवाजुळव करीत आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलेच नाही आणि १९९० सालीही बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर पोर्तुगिजांची हद्द कायम आहे, अशी तिची मूळ कल्पना आहे. आमच्याकडे ‘सीमाभाग’ म्हटले की १ नोव्हेंबर १९५६ आणि महाराष्ट्र-कर्नाटक वाद एवढेच डोळ्यांसमोर येते. परंतु त्याच वेळी येथून काही कोसांवर दुसरी एक सीमा होती, जिच्या पलीकडे वेगळे सरकार आणि वेगळे चलन होते, आणि तिची आठवण आता फार थोड्या घरांत उरली आहे. त्या सीमेवर लिहावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

नायिका कणकुंबीची प्राथमिक शिक्षिका आहे आणि तिचे माहेर गोव्यातल्या सत्तरी भागात, म्हणजे हद्दीपलीकडे आहे. मी नकाशे काढले, ठाण्यांच्या जागा ठरवल्या, गव्हर्नरांची यादी केली. तीन वह्या भरल्या. तरीही प्रकरण लिहायला घेतले की सारे नाटकाच्या पडद्यावर रंगवल्यासारखे वाटते आणि बाई त्या पडद्यासमोर नुसती उभी राहते. इतिहासातला एक धागा बदलल्यावर बाकीचे किती बदलावे आणि सुरुवात कोठून करावी? भाषावादाला या कथेत जागा द्यावी का, याबद्दलही मनात संभ्रम आहे.

घाटमाथा

कल्पना उत्तम आहे, पण १९९० हे साल टिकणार नाही, असे मला स्पष्टपणे वाटते. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये सत्तापालट झाला, नव्या राजवटीने वसाहती सोडण्याचे धोरण घेतले आणि पुढच्याच वर्षी अंगोला व मोझांबिक स्वतंत्र झाले. प्रत्यक्षातही पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केले. तुमच्या कथेत गोवा १९६१ मध्ये सुटला नाही, तरी १९७४-७५ मध्ये तो सुटणारच. ते टाळायचे असेल तर लिस्बनमधली क्रांतीही रद्द करावी लागेल, आणि एका बदलाला दुसऱ्या बदलाचा टेकू दिला की वाचकाचा विश्वास उडू लागतो.

उलट तुमचा पहिला बदल फार सहज घडू शकतो, हे त्याचे बळ आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला आणि देशातील जनमत पेटले. बेळगावला फौजा जमल्यानंतरही कारवाईचा दिवस पुढे ढकलला गेला आणि अखेर १८ डिसेंबरला सैन्य हलले. ती बोट बेटापासून थोडी दूरून गेली असती आणि निर्णय काही महिने लांबला असता, तर २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचे आक्रमण आले असते, आणि त्यानंतर १९६५ चे युद्ध. मग गोव्याकडे पाहायला कोणाला सवड मिळाली असती? म्हणजे तुम्हाला साधारण तेरा वर्षांचा काळ मिळतो. मी असतो तर १९६८ निवडले असते.

खानापूरकर

आपले म्हणणे विचार करायला लावणारे आहे. परंतु चीनच्या किनाऱ्यावरचे मकाव १९९९ पर्यंत पोर्तुगालकडेच होते ना? मग गोवा का राहू शकणार नाही?

घाटमाथा

मकावचे उदाहरण येथे लागू पडत नाही. १९७४ नंतर पोर्तुगाल मकाव सोडायला तयार होता, पण चीनला ते लगेच परत घेण्याची निकड वाटत नव्हती. भारत मात्र स्वातंत्र्यापासूनच गोवा मागत होता. देणारा आणि घेणारा दोघेही तयार असताना हद्द १९९० पर्यंत, म्हणजे आणखी सोळा वर्षे, का टिकली, याचे उत्तर तुम्हाला कथेत द्यावे लागेल, आणि ते देण्यात शिक्षिका मागे पडेल.

लोंढा मीटरगेज

मी वेगळ्या बाजूने सांगतो. तुमच्या वह्यांत गव्हर्नर आहेत, पण बाईच्या स्वयंपाकघरातला जिन्नस कोठून येतो, हे आहे का? १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि कॅसलरॉकवरून मुरगावकडे जाणारी रेल्वे हद्दीवर थांबली. (कॅसलरॉक उत्तर कन्नड जिल्ह्यात येते, बेळगावात नव्हे, नकाशात ही चूक अनेकांकडून होते. लोंढा मात्र आपल्या तालुक्यातले.) नाकेबंदीनंतर गोव्यात बटाटा थेट हॉलंडहून जहाजाने येऊ लागला. आज बेळगावहून रोज भाजी आणि दूध घेऊन गाड्या चोर्ला घाट उतरतात. त्या घाटाच्या माथ्यावर आपल्या शेतातला बटाटा कुजतो आहे आणि खाली सात समुद्र ओलांडून आलेला बटाटा विकला जातो आहे, एवढ्या एका चित्रात तुमची हद्द उभी राहते.

आमच्या आजीचे माहेर सत्तरीतलेच होते. ती सांगे की नाकेबंदीच्या वर्षांत तिचा भाऊ रानवाटेने वर यायचा, इरल्याखाली आमसुलांची पुरचुंडी लपवून आणायचा आणि परत जाताना बटाटे न्यायचा. एकदा तो आला तेव्हा पुरचुंडी पूर्ण भिजली होती आणि आमसुलांचा लाल रंग त्याच्या धोतरावर उतरला होता. तो रक्ताचा डाग समजून आजी दारातच मटकन खाली बसली. हे मी लहानपणी इतक्या वेळा ऐकले आहे की तो डाग मला दिसतो. आजीच्या पेटीत एस्कुदोचे एक नाणेही होते. गोव्यात एस्कुदो १९५९ मध्ये आला, त्याआधी तेथे रुपियाच चाले; तेव्हा १९६८ च्या कथेत म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून ‘रुपिया’ हा शब्द येईल आणि तरुणांच्या तोंडी ‘एस्कुदो’.

आणखी एक सुचवतो. गोवामुक्तीसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांचे गुप्त नभोवाणी केंद्र आधी आंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून चालत असे. प्रत्यक्षात १९६१ ला त्याचे काम संपले. तुमच्या जगात ते १९६८ लाही चालू असेल, चालवणारी माणसे थकलेली असतील, आणि शिक्षिका रोज रात्री तो आवाज ऐकत असेल.

मलप्रभेचे पाणी

पाणी विसरू नका, एवढेच सांगायला लिहितो आहे. मलप्रभा कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगम पावून पूर्वेला कृष्णेकडे जाते, आणि त्याच परिसरातला कळसा नाला पश्चिमेला म्हादईला मिळून गोव्यात उतरतो. आज कळसा आणि भांडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेकडे वळवण्याचा वाद दोन राज्यांतला आहे, म्हणून तो १९५६ च्या आंतरराज्य नदी पाणीतंटा कायद्याखाली लवादाकडे गेला आणि २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याचा निवाडा मिळाला. तुमच्या जगात पलीकडे राज्य नसून परका देश आहे, तेव्हा तो कायदा तेथे चालणार नाही. १९६० च्या सिंधू करारासारखा करार करावा, तर ज्या सरकारची सत्ताच दिल्लीला मान्य नाही त्याच्याशी तो करणार कसा? आणि वरच्या अंगाला भारत असल्याने पाणी वळवायला अडवणारे कोणी नाही. १९६८ मध्ये साखळ्या आणि निशाणे घेऊन मोजणीदार कळशाच्या काठी आले आणि त्यांची उतरण्याची सोय शिक्षिकेच्या शाळेतच झाली, तर? वळवायचा तो ओहोळ तिच्या भावाच्या गावावरून वाहतो.

सीमावासी

भाषावादाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. तो टाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटेल. ऑक्टोबर १९६६ मध्ये महाराष्ट्र-म्हैसूर सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला आणि १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. निपाणी, खानापूर व नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावीत, बेळगाव म्हैसुरातच ठेवावे, असे त्यात होते. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. त्याच सुमारास, १६ जानेवारी १९६७ रोजी, गोव्यात महाराष्ट्रात विलीन होण्याविषयी जनमत कौल झाला. तुमच्या जगात हा कौल नाही, पण आयोग आहे. म्हणजे १९६८ मध्ये आपल्या शिक्षिकेचे माहेर परदेशात आहे आणि ती शिकवते तो तालुका उद्या कोणत्या राज्यात असेल, हे तिला ठाऊक नाही. तिच्याकडून या प्रश्नावर भाषणे मात्र करवून घेऊ नका. तपासणीला आलेला अधिकारी तिच्याशी कोणत्या भाषेत बोलतो आणि ती कोणत्या भाषेत उत्तर देते, तेवढे लिहा.

खानापूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. १९९० सोडून द्यायला जड जात आहे, कारण शेवटचे प्रकरण त्या सालावर बेतलेले होते. तरीही मकावचा मुद्दा मला पटला आणि कथा १९६८ च्या पावसाळ्यात आणली आहे. गव्हर्नरांची यादी असलेली वही बाजूला ठेवली. काल रात्री पहिले पान नव्याने लिहिले: मोजणीदारांची निशाणे शाळेच्या पडवीत वाळत घातली आहेत, बाई हजेरी घेत आहेत आणि घाटावरून वर आलेला त्यांचा भाऊ, डोक्यावर इरले घेऊन, ती माणसे कधी जातात याची वाट पाहत फणसाआड उभा आहे. लोंढा मीटरगेज, आपल्या आजींची आमसुले मी घेऊ का? आपली परवानगी असेल तरच ती त्याच्या इरल्याखाली ठेवीन.

लोंढा मीटरगेज

अवश्य घ्या. फक्त पुरचुंडी केळीच्या सोपटाने बांधलेली होती, तेवढे तसेच ठेवा.