मदत हवी आहे : नाव बदललं तरी बाई ओळखू येते, काय करू?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात बचत गटाच्या ३२ बायकांच्या मुलाखती झाल्यात. फोन, ओटीपी, आधारची झेरॉक्स त्या कोणाच्या भरवशावर सोपवतात आणि त्यातून गावात कोणाची पत वाढते-घटते, हा विषय. समाजशास्त्र आणि संगणकशास्त्र, दोन्ही विभागांचं मिळून काम.

नावं बदलली, गाव गाळलं, वयाचे दहा-दहा वर्षांचे गट केले. पण "सेतूवाल्या पोराच्याच फोनवर माहा ओटीपी जाते, पासबुकही थोच ठेवते" एवढं वाचलं की गावात कोणीही सांगेल, कोण बोललं ते. संगणकवाल्या मित्राने के-अनामिकता लावून पाहिली, के = ५ धरून, म्हणजे प्रत्येक नोंद निदान आणखी ४ नोंदींसारखी दिसावी. वय, जात, शेती हे रकाने ठेवले तर निम्म्या बायका एकट्याच उरतात. जात काढली तर अभ्यासात राहतं काय?

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला अटींवर सवलत आहे, ते माहीत आहे. भीती कायद्याची नाही, पारावरच्या चर्चेची आहे. आधार क्रमांक कुठेच टिपलेले नाहीत. संमती तोंडी, रेकॉर्ड केलेली. सही म्हटलं की बायकांना कर्जाचा कागद आठवतो. मार्गदर्शकांना वऱ्हाडी वाक्यं जशीच्या तशी हवीत.

दोन-तीन बायकांचं मिळून एक पात्र केलं तर परीक्षक चालवून घेतात का? आणि छापण्याआधी ज्या-त्या बाईला तिचं वाक्य वाचून दाखवून कोणी पुन्हा विचारलंय का? कितींनी मागे घेतलं?