लाइपझिगच्या सूतगिरणीविषयी थोडेसे

बंद कारखाना चित्रकारांच्या स्वाधीन करणे ही निव्वळ हौस आहे, असे मत काही जण मांडतात; त्याच्याशी मी सहमत नाही. जर्मनीतील लाइपझिग येथे १८८४ साली स्थापन झालेली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप खंडातील सर्वांत मोठ्या सूतगिरण्यांत गणली जाणारी गिरणी पूर्व व पश्चिम जर्मनीच्या १९९० मधील एकीकरणानंतर बंद पडत गेली, तेव्हा रिकाम्या झालेल्या दालनांत प्रथम शिरले ते स्वस्त जागेच्या शोधात असलेले चित्रकारच. सूतकताईसाठी बांधलेली उंच छते, रुंद खिडक्या आणि यंत्रांचा भार पेलणाऱ्या भक्कम जमिनी चित्रकारांना व शिल्पकारांना आयत्याच मिळाल्या. आज तेथे शंभराच्या आसपास कलाकार काम करतात; नियो राउख यांच्यासारख्या जगप्रसिद्ध चित्रकाराचा स्टुडिओही तेथेच आहे. अर्थात, प्रसिद्धीमागोमाग भाडे वाढू लागले की नवोदितांचे काय होते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.