जुना पीसी, नवी विंडोज : काय लागलं, कुठं अडलं?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी सेतूत, शाळेत, मोंढ्यातल्या आडतीवर इंटेलच्या थर्ड-फोर्थ जनरेशनचे (प्रोसेसरची जुनी पिढी) पीसी चालायलेतच. ते नव्या सिस्टीमवर नेताना काय करावं लागतं ते लिहा, बोर्ड अन् रॅमसकट. "फॉरमॅट मारला, फास्ट झाला" एवढंच नको. गावोगावची उत्तरं खाली.

जालना, रिपेअरिंग
एच६१ मदरबोर्ड, आय३ थर्ड जनरेशन प्रोसेसर. आधी हार्डडिस्क बदला, रॅमचं नंतर बघा. तिच्या जागी २५६ जीबीची साध्यातली साटा एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) पुरे. या बोर्डाचे साटा पोर्ट (डिस्क जोडायची जागा) ३ जीबीपीएसचे, सेकंदाला २७०-२८० एमबीच्या वर वेग निघतच नाही. भारीतली घेऊन पैसे वाया. रॅम डीडीआर३, ४+४.

विंडोज टाकायच्या आधी बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणारी बोर्डाची सेटिंग) साटा मोड जुन्या आयडीईचा नवा एएचसीआय करा. नंतर बदलला की निळा स्क्रीन : इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. तसं झालं तर मोड परत आयडीई करून विंडोज उघडा, एमएसकॉन्फिगमध्ये (msconfig) सेफ बूटला टिक करा, रीस्टार्टला बायोसमध्ये एएचसीआय लावा. सेफ मोड एकदा उघडला की टिक काढून टाका.

परभणी
वरच्यात भर. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल आधीच बदला. सेल उतरला की बायोस डिफॉल्टला जातो, एएचसीआयचं पुन्हा आयडीई होतं अन् तोच निळा स्क्रीन. तारीखही मागं जाते, मग महाभूलेखसकट सगळ्या साइट सर्टिफिकेटची एरर देतात. लोक नेटवाल्याला शिव्या घालत बसतात.

लातूर, कॉलेज लॅब
विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सेक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) अन् इंटेल असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो. आठव्या जनरेशनचा असेंबल्ड पीसी "चालणार नाही" म्हणाला तर बायोसमध्ये इंटेल पीटीटी (प्रोसेसरमधलाच टीपीएम) बघा, बहुतेक वेळा ते नुसतं बंद असतं. डिस्कची मांडणी जुनी, एमबीआर असेल तर सेक्युअर बूटसाठी ती जीपीटी करावी लागते. बॅकअप घेऊन, अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये :

एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाउफुलओएस

(टाइप इंग्रजीतच करा : mbr2gpt /validate /allowFullOS) पास झालं की व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट (convert). प्रायमरी पार्टिशन तीनच्या वर असतील तर इथंच अडतं. कन्व्हर्ट झाल्यावर बायोसमध्ये लीगसी (जुनी बूट पद्धत) बंद, यूईएफआय (नवी) चालू. नाहीतर बूटच होणार नाही.

त्याहून जुन्याला रुफस या सॉफ्टवेअरनं विंडोज ११ च्या अटी काढून बनवलेला पेनड्राइव्ह चालतो, पण वर्षाचं मोठं अपडेट सहसा आपोआप येत नाही, नवी आयएसओ (विंडोजची इन्स्टॉल फाइल) आणून हातानं करावं लागतं. घरच्या एका पीसीला ठीक, लॅबला डोकेदुखी. कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरचा नाद सोडा : त्यात पॉपकाउंट इन्स्ट्रक्शन नाही, विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती बूटच होत नाही.

नांदेड, सेतू
३२ बिट विंडोज १० वरून ११ ला थेट अपग्रेड होत नाही, ११ फक्त ६४ बिटमध्येच आहे. कोरं इन्स्टॉल करावं लागतं. त्याआधी प्रिंटर, अंगठ्याचं मशीन अन् डिजिटल सहीचं टोकन या तिन्हींचे ६४ बिट ड्रायव्हर उतरवून ठेवा. कृतिदेवच्या फाइलींचा फॉन्टही सोबत घ्या, नाहीतर अर्ज उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात.

बीड
सेतूचं काम नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२, हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपचं. २ जीबीवर उघडतं, ४ वर नीट चालतं, एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधूनच मिळतो. फक्त कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर असेल तर दहादा विचार करा. तो कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट भाषेवर चालतो, लिनक्सवर लई छळतो.