डॉलर-येन फॉरवर्डमधून वर्षअखेरचा परिणाम वेगळा कसा काढायचा? मदत हवी आहे

स्पॉट (आजचा भाव, एका डॉलरला येन) १५०, डॉलरचा व्याजदर ५.२५%, येनचा ०.२५% धरला तर एक वर्षाचा फॉरवर्ड (पुढच्या तारखेच्या व्यवहारासाठी आजच ठरवलेला भाव) १५० × १.००२५ ÷ १.०५२५, म्हणजे १४२.८७ येतो. येन घेऊन डॉलरमध्ये गुंतवणाऱ्याचा नफा-तोटा याच आकड्यावर ठरतो. येन त्याहून महाग झाला की व्याजातली सगळी कमाई गेली.

अडचण पुढे आहे. २००८ नंतर बाजारातला फॉरवर्ड या सूत्राशी जुळत नाही. येन देऊन डॉलर उसने घेणाऱ्याला जादा मोजावे लागतात, हाच बेसिस. तो उणे ०.३०% धरून येनच्या दरात मिळवला तर फॉरवर्ड १४२.४५ वर उतरतो. (सोफर म्हणजे डॉलरचा एका रात्रीचा संदर्भ दर, त्याला वर्षाचे ३६० दिवस; टोना म्हणजे येनचा तसाच दर, त्याला ३६५; इथे चुकलं तर खोटाच बेसिस दिसतो, तेवढं तपासून झालंय.)

३१ डिसेंबर ओलांडणाऱ्या करारांत बँका ताळेबंद आवरता घेतात आणि बेसिस एकदम रुंदावतो. एका आठवड्याच्या करारात ही उडी ठळक दिसते, तीन महिन्यांच्या करारात पसरून जाते. सरळ रेषेने अंतर्वेशन केलं, म्हणजे दोन माहीत तारखांमधले दर अंदाजाने भरले, तर ती शेजारच्या तारखांवरही सांडते, आणि मग केंद्रीय बँकेच्या दरबदलाचा परिणाम कोणता हेच कळत नाही.

त्या एका रात्रीचा दर वेगळा बसवायचा, की आधी-नंतरच्या करारांची वजाबाकी करायची? कृपया आकडेमोडीसह सांगा.